कॉफीचा कोळसा आणि तांब्याभर पाणी

आबा,

तुमचं कोळशाचं पिंप मागच्या महिन्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं. रस्ता रुंद होतोय, वस्तीतल्या पुढच्या रांगेतल्या घरांचे ओटे जाणार आहेत, त्यात आपलाही जाईल. परसातलं सामान काढायला गेले तर पिंप बाभळीखाली आडवं पडलेलं. बुडाला गंजून भोक पडलं होतं, पण झाकणाच्या कडेनं तुम्ही लिंपलेला चिखल भाजून असा घट्ट झाला होता की तुमच्या बोटांचे ठसे त्यात अजून दिसत होते. भंगारवाला म्हणाला, "बाई, पत्रा सडलाय समदा, ह्यात काय राम न्हाय." मी म्हटलं, घेऊन जा. त्यानं पिंप उलटं करून आपटलं तेव्हा आतून कोळशाची मूठभर काळी भुकटी खाली पडली. मी ती उचलली आणि नाकाशी नेली. इतक्या वर्षांनी कॉफीचा वास कसला राहतोय? चांगली कळती-सवरती बाई कोळसा हुंगतेय हे बघून तो हसला आणि मला त्याचा उगाच राग आला. तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणून महिना गेला. मला त्या तांब्याबद्दल लिहायचंय. ज्या तांब्यातलं पाणी तालुक्याचा साहेब प्यायला आणि आपल्या वस्तीचा टँकर बंद झाला, त्या तांब्याबद्दल. वस्तीला एवढंच माहीत आहे की तो तुम्ही दिलात.

पण सरळ तिथं जायचा धीर होत नाही, म्हणून आधी कॉफीचं सांगते. आपल्या घरात कॉफी कुणी कधी प्यायलं नव्हतं, आणि घरभर वास मात्र कॉफीचा. तुम्ही बारामतीच्या एमआयडीसीत कॉफीची पूड करणाऱ्या कारखान्यात बॉयलरवर फायरमन. आधी साखर कारखान्यावर होतात, तेव्हा अंगाला मळीचा आंबूस वास यायचा. तो जाऊन हा आला. आई तुमचा सदरा धुवायला घेताना म्हणायची, "हाटेलात होता का कामाला?" तुम्ही एकदा कारखान्यातल्या साहेबानं दिलेली छोटी पुडी घेऊन आलात. आईनं ती चहासारखी भरपूर साखर घालून खदखदा उकळली, दूध घालायचं कुणाला माहीत नव्हतं. तिघांनीही एक घोट घेतला आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. तुम्ही कप खाली ठेवून म्हणालात, "ह्याच्यासाठी मी येवढा जाळ करतो व्हय गं?" मला आठवतंय तसं आपण तिघं मिळून पोट धरून हसलो ते तेवढंच.

कॉफीचा अर्क काढून घेतला की खाली ओला चोथा राहायचा. तो वाळवून बॉयलरलाच घालायचे, पण चोथा फार आणि वाळवायला जागा कमी. मग मागच्या पडीक जागेत त्याचा ढीग. त्याला बुरशी यायची, पावसात त्यातून काळं पाणी वाहायचं, आणि आसपासचे शेतकरी फुकट देऊनही नेत नव्हते, कारण कुणीतरी नेऊन वांग्याला घातला आणि वांगी करपली. तुम्हाला त्या ढिगाचं वाईट वाटायचं. वाया जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीचं तुम्हाला वाईट वाटायचं. "लांबनं बिया येत्यात, उकाळत्यात, आन् टाकून देत्यात. निम्मा जीव तर अजून त्यातच असतोय," असं तुम्ही म्हणायचात. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, रसायनशास्त्राला. वस्तीतून बी.एस्सी.ला गेलेली पहिली मुलगी, आणि ते मला फार माहीत होतं.

आणि आपली विहीर. ओढ्याच्या वरच्या अंगाला दारूचा अर्क काढणारा कारखाना झाला तेव्हापासून ओढा काळा झाला आणि दोन वर्षांत विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. भात शिजला की तपकिरी. पोरांच्या अंगाला खाज, पोटं बिघडलेली, पांढरं कापड धुवायची सोय नाही. गल्लीच्या टोकाला राहणारे तात्या, ज्यांना तुम्ही थोरल्या भावासारखं मानायचात, त्यांनी तालुक्याला खेटे घालून घालून अर्ज दिले, शेवटी एक दिवसाआड टँकर सुरू झाला. तो आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. तात्यांचं म्हणणं एकच होतं: टँकर ही भीक आहे, आपल्याला नळ पाहिजे, आणि नळ मिळेपर्यंत टँकर थांबता कामा नये. त्यासाठी तालुक्याच्या साहेबानं येऊन पाणी डोळ्यांनी बघायला हवं होतं.

कॉलेजात मॅडमनी सक्रिय कोळशाचा धडा घेतला. साधा कोळसा नाही. आत लाखो बारीक भोकं असलेला, जो पाण्यातला रंग आणि वास स्वतःत ओढून घेतो. कारखाने सांडपाणी साफ करायला तो वापरतात. नारळाच्या करवंटीचा करतात, लाकडाचा करतात. माझ्या डोक्यात लगेच तुमचा तो ढीग आला. प्रकल्पाला हाच विषय घेतला, चोथ्याची पिशवी लॅबमध्ये नेली, भट्टीत उघड्या वाटीत ठेवली आणि पहिल्या खेपेला हातात आली ती चिमूटभर राख. दुसऱ्यांदाही राख. घरी येऊन रडकुंडीला आले तर तुम्ही भाकरी खाता खाता हसायला लागलात. "अगं, राख केलीस की! कोळसा करताना वारा लागू द्यायचा न्हाय. जाळ भायेर आन् माल आत, दम कोंडून. पुस्तकात लिवलं न्हाय व्हय हे?" पुस्तकात लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं नीट. पण ते तुमच्याकडून ऐकताना मला लाज वाटली आणि मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं." पुढच्या रविवारी परसात तीन दगडांवर पिंप बसवलेलं होतं.

त्या रविवारची मी अजून स्वप्नं बघते. मॅडमनी दिलेल्या फॉस्फोरिक ॲसिडमध्ये चोथा भिजवून, पत्र्यावर वाळवून ठेवलाय. तुम्ही तो पिंपात भरता, झाकण बसवता, कडेनं चिखल लिंपता, एका ठिकाणी करंगळीएवढं भोक ठेवता. खाली बाभळीचा जाळ. मी वही-पेन घेऊन, घड्याळ बघत. तुम्ही घड्याळ बघत नाही, तुम्ही धूर बघता. आधी पांढरा, दाट, त्याला भाजलेल्या कॉफीचा असा वास की पलीकडच्या घरातल्या बायका बाहेर येतात. मग पिवळट, डोळे चुरचुरणारा. मी म्हणते, "झालं आता." तुम्ही हात वर करता, "दम धर." बऱ्याच वेळानं धूर बारीक होतो, निळसर, असून नसल्यासारखा, आणि तुम्ही झटकन चिखलाचा गोळा भोकावर थापता. "आता निजू दे त्याला सकाळपतुर." सकाळी झाकण काढलं तर आत काळाभोर, चमकणारा, हाताला हलका कोळसा. मी वहीत वेळ लिहिली, तापमान अंदाजानं लिहिलं, आणि "धूर निळा झाल्यावर" हे शब्द लिहून खोडले, कारण ते शास्त्रीय वाटत नव्हते.

पुढचं काम धुण्याचं. त्यातलं ॲसिड निघून जायला हवं, म्हणजे स्वच्छ पाण्यानं परत परत धुवायचं, लिटमसचा निळा कागद बुडवून बघायचा, तो लाल झाला की परत धुवायचं. आणि स्वच्छ पाणी म्हणजे टँकरचं. घागरभर तांबडं पाणी निवळायला मी दोन-तीन घागरी निवळ पाणी ओतत होते, आबा. आई कण्हत-कुथत आणायची. शेजारणी बोलायच्या. "कोळसा उगाळावा तितका काळाच, ही पोरगी धुवायला निघालीय," असं एक म्हणाली ती मला कुंपणापलीकडून ऐकू आली. मी मनात म्हटलं, बघालच.

आणि खरंच बघितलं सगळ्यांनी. तिवईवर मडकं, त्यात खाली खडी, वर वाळू, वर आपला कोळसा. वरून विहिरीचं तांबडं पाणी ओतलं आणि खाली थेंब थेंब करून जे आलं ते काचेसारखं. तुम्ही पेला उचलून उन्हात धरलात. बराच वेळ धरलात. तुमच्या लहानपणी घरातल्यांनी धम्म घेतला, पण त्याच्या आधीची पाण्याची आठवणही तुम्हाला होती. विहारात वंदना झाली की पोरांना समोर बसवून तळ्याच्या पाण्याची गोष्ट तुम्हीच सांगायचात, दर वेळी तेवढीच मन लावून. आपल्याकडं पाणी पिणं म्हणजे नुसती तहान भागवणं कधीच नव्हतं. तुम्ही पेला उन्हात धरून म्हणालात, "माज्या बापाला गावच्या हिरीवर पानी वरनं वाढायचे. आन् माजी पोरगी हिरीचं पानी धुती." एवढा आनंद मी तुमच्या तोंडावर आधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

आईनं त्या पाण्यात डाळ शिजत घातली. संध्याकाळपर्यंत डाळ टणक. "पानी दिसाय निवळ हाय," आई म्हणाली, "पर डाळ शिजंना. खारटपना तसाच हाय त्याच्यात." मी कॉलेजात तपासलं. आईचं बरोबर होतं. रंग गेला होता, वास गेला होता, क्षार जसेच्या तसे. शिवाय मडकंभर कोळसा आठ-दहा दिवसांत दमायचा आणि पाणी परत पिवळं यायचं. ते आकडे मी वहीत लिहिले आणि पान उलटलं. तुम्हाला सांगितलं नाही. तात्यांनाही सांगितलं नाही. माझं पाणी काचेसारखं होतं आणि मला तेवढंच बघायचं होतं.

मग साहेब यायचा दिवस ठरला. तात्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं: विहिरीचं पाणी बाटलीत भरून ठेवा, साहेबानं पाणी मागितलं तर तेच पुढं करा, त्याला विहिरीवर न्या, पोरांचे हातपाय दाखवा, जास्त बोलू नका. आपल्या घराला सिमेंटचा ओटा होता आणि कॉलेजात जाणारी मुलगी होती, म्हणून साहेबाला बसवायचं आपल्याकडं. जीप आली, साहेब उतरले, विहिरीत डोकावले, ओट्यावर खुर्चीत बसले. ऊन लागलं होतं त्यांना. रुमालानं मान पुसत ते म्हणाले, "जरा पाणी द्या हो."

आबा, ओट्याखाली उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्याआधी किती साहेब येऊन गेले. तलाठी, ग्रामसेवक, मतं मागायला येणारे. सगळे "आत्ताच पिऊन आलो" म्हणणारे. आपण विचारायचं आणि त्यांनी नको म्हणायचं, दोघांनाही कारण माहीत असायचं. आणि हा माणूस आपल्या तोंडानं पाणी मागत होता. आई दारातून तांब्या-पेला घेऊन आली, तुम्ही तो तिच्या हातून घेतलात, पेला भरलात आणि दोन्ही हातांनी पुढं केलात. त्यांनी गटागटा पिऊन परत पेला पुढं केला. तुम्ही परत भरलात. 

"हेच विहिरीचं पाणी?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. हिरीचंच हाय," तुम्ही म्हणालात. खोटं नव्हतं ते.

तात्या पुढं सरसावले, बाटली पुढं केली. "साहेब, ते न्हाय, हे बघा. हे हाय आमचं पानी."

साहेबांनी बाटलीकडं बघितलं, मग तात्यांकडं. "बाटलीत काय, कुणीही काहीही भरील. मी आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत प्यायलो ना?"

मी दारातून म्हटलं, "साहेब, ते गाळलेलं आहे. कॉफीच्या कोळशातून. माझा प्रकल्प आहे कॉलेजचा." आणि मला आठवतं, एवढ्या गडबडीतही 'प्रकल्प' हा शब्द मी जरा ठासून म्हटला.

ते खूश झाले. खरंच खूश झाले. तिवईपाशी जाऊन मडकं बघून आले, नाव विचारलं, शाबासकी दिली. मग म्हणाले, "मग अडचण काय आहे तुमची? घरात एवढी हुशार मुलगी. गाळून प्या की सगळ्यांनी." आणि पंचनाम्यात त्यांनी लिहिलं की पाणी स्वतः प्राशन केलं, निर्मळ आढळलं, ग्रामस्थांकडे शुद्धीकरणाची सोय आहे. खाली पंच म्हणून तात्यांची सही लागत होती. तात्यांनी केली नाही. दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा घेतला. जीप गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पुढच्या आठवड्यात टँकर आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तालुक्याला विचारलं तर कागद दाखवला. मग विहारासमोर सगळे जमले, बायका-माणसं, आणि तात्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "साहेबाला त्यो तांब्या दिला कुनी? काय ठरलं हुतं आपलं?"

तुम्ही उभे राहिलात. "म्या दिला."

"पर का?"

"तात्या, पाव्हन्यानं तोंडानं पानी मागितलं. त्याला तांबडं पानी कसं द्यायचं? आजपतुर आपल्या दारात कुनी प्यालंय का?"

"आरं, तांबडं हाय हेच तर दावायचं हुतं!" तात्यांचा आवाज फाटला. "तुज्या एका मानापायी पोरं मारशील का समद्यांची?"

तुम्ही मान खाली घातलीत. इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, आबा. कुणी मला विचारत नव्हतं. पण मी पुढं झाले. सगळ्या वस्तीसमोर, शिकलेल्या पोरीच्या आवाजात म्हणाले, "आबा, एवढी साधी गोष्ट कळली नाही तुम्हाला? सगळ्यांचं वाटोळं केलंत तुम्ही." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. घड्याळ न बघता धुराकडं बघायचात तसं, अंदाज घेत. आणि मग मला म्हणालात, तात्यांना नाही, मला, "चुकलं, बाय."

आता साहेब आले त्या दिवशी सकाळचं सांगते.

त्या दिवशी पहाटे उठून मी तांब्या चिंचेनं घासला. टँकरचं पाणी आदल्या दिवशीच मी कोळसा धुवायला संपवलं होतं, पाहुण्याला द्यायला घरात थेंब नव्हता, हे खरं. पण तेवढ्यासाठी मी घासला नव्हता. मला वाटत होतं, साहेब बसतील, पाणी पितील, पेला बघतील आणि विचारतील, एवढं स्वच्छ पाणी कुठून आलं? मग आई नाही, तुम्ही नाही, तात्या नाही, मी सांगेन. मी तिवईखालून तांब्या भरला आणि आईला म्हटलं, "साहेबांना हेच द्यायचं. बाटलीतलं नाही." आई म्हणाली, "तात्यांनी तर सांगितलंय की..." मी म्हटलं, "तुला कळत नाही." तुम्ही तेव्हा मोरीपाशी तोंड धूत होतात. वळून बघितलंत आणि म्हणालात, "आज लई चकाकतोय गं तांब्या." म्हणजे तुम्हाला माहीत होतं. विहारासमोर उभं राहून "म्या दिला" म्हणताना तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि मी तुमच्या अंगावर ओरडले तेव्हाही. आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

नंतरचं तुम्ही भोगलंत, मी बघितलं. बायका कालव्यावरून पाणी आणायला लागल्या, शाळेतल्या पोरी त्यांच्याबरोबर. उन्हाळ्यात पोरं आजारी पडली, दोघांना पणदऱ्याच्या डॉक्टरकडं सलाइन लावलं. विहारात वंदना आधी तुम्ही सांगायचात आणि बाकीचे मागून म्हणायचे. कुणी तुम्हाला बस खाली असं म्हटलं नाही, फक्त एका पौर्णिमेला दुसऱ्या कुणीतरी सुरुवात केली आणि तुम्ही मागच्या रांगेत जाऊन बसलात. तळ्याची गोष्टही मग कुणी सांगितली नाही. पण दर रविवारी तुमची सायकल चोथ्याचं पोतं घेऊन यायची. ॲसिड संपलं होतं, मी प्रकल्प देऊन मोकळी झाले होते, मॅडमनी सगळ्या वर्गासमोर कौतुक केलं होतं. तुम्ही बिनॲसिडचाच कोळसा करायचात, निम्म्या ताकदीचा, आणि ज्यांच्या घरी लहान पोर आहे त्यांच्या दारात डबा ठेवून यायचात. काही जण घ्यायचे. काही जणांच्या दारात तो डबा तसाच राहायचा, मग तुम्ही तो उचलून पुढच्या घरी न्यायचात. एकदा मी म्हटलं, "आबा, ह्यानं क्षार जात नाहीत. डाळ शिजत नाही." तुम्ही म्हणालात, "ठाव हाय मला. आईनं सांगितलंय." आणि जाळ सारत राहिलात. त्या धुरात तुम्ही तीन वर्षं बसलात. खोकला आधीपासून होता, बॉयलरचा, असं मी सगळ्यांना सांगते. स्वतःलाही तेच सांगते.

इंदापूरला मला नोकरी लागली, त्याच वर्षी तुम्हाला तिथल्या दवाखान्यात आणलं. श्वास लागत होता, पण डोकं लख्ख. मी पेल्यातून पाणी दिलं. तुम्ही तो पेला उजेडाकडं धरलात, सवयीनं. "कुठलं हाय?" तुम्ही विचारलंत.

"नळाचं."

"डाळ शिजती का त्याच्यात?"

"शिजते, आबा."

"मग चांगलं हाय," असं म्हणून तुम्ही दोन घोट घेतलेत. खोलीत आपण दोघंच होतो. आई चहा आणायला खाली गेली होती. मी तेव्हा बोलू शकले असते, चार शब्दांचं काम होतं.  मी पेला घेतला, विसळला आणि पालथा घातला. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. वस्तीत नळ आला तो त्याच्याही नंतर, दुसऱ्या साहेबाच्या दुसऱ्या कागदावर. नळाला हार घातला तेव्हा तात्यांनी मला बोलावलं होतं. ते म्हणाले, "तुजा बा मानाला भुलला, पर मानूस वाईट नव्हता." मी मान हलवली, आबा. होय म्हणून हलवली.

आता मी इंदापूरच्या कॉलेजात शिकवते. सक्रिय कोळशाचा तोच धडा. दर वर्षी त्या दिवशी मी मुलांना तुमची गोष्ट सांगते. कॉफीचा चोथा, पिंप, निळा धूर, हे सगळं. आणि मग साहेबानं पाणी मागितलं आणि माझ्या भोळ्या वडिलांनी आनंदाच्या भरात त्यांना नेमकं गाळलेलं पाणी कसं दिलं ते. चांगली सांगते मी. मुलं हसतात, धडा लक्षात राहतो. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही, हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि त्याखाली रेघ मारते. टँकर बंद झाल्याचं सांगत नाही. रविवारच्या सायकलचंही सांगत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून हेही लिहून टाकते. गेल्या मंगळवारी, हे निम्मं लिहून झालेलं असताना, मी ती गोष्ट परत सांगितली. मुलं हसली. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. वालचंदनगरकडून येते ती, फार बोलत नाही. तिनं विचारलं, "मॅडम, पण घरात तांब्या आधीच भरून कुणी ठेवला होता?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तात्यांनी नाही, साहेबानं नाही, तुम्ही तर नाहीच. वर्ग माझ्याकडं बघत होता. आई आता माझ्याकडंच असते, आबा, आत्ताही ती आतल्या खोलीत सुपात डाळ निवडत बसलीय.

मी म्हटलं, "आईनं."